आजीसाठी आलेलं लुगडं

माझ्या धाकट्या बहिणीला लोक माझी आई समजतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज कशाने चढतो ते कळेल. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे. मी तिला कडेवर घेऊन गावभर फिरलेय, तिचं नाक पुसलंय, ती पहिल्यांदा चालली ती माझ्याच परकराला धरून. मी सत्तावन्नची आणि ती एकोणपन्नासची. तरी वडवणीच्या आठवडी बाजारात आम्ही दोघी निघालो की भाजीवाली तिला आजी म्हणते आणि मला ताई. पूर्वी मला याचं हसू यायचं. खरं सांगायचं तर नुसतं हसू नाही, बरंही वाटायचं. पिशवीत एक मेथीची जुडी जास्त आल्यासारखं.

आमच्या वडिलांनी मला शिकवलं, तिला शिकवलं नाही. का, ते त्यांनाच माहीत. मी डीएड करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, आणि धाकटीला शिरूर कासारकडच्या एका घरात दिलं. तिथे दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते बांधून कारखान्याकडे निघतं. तीही निघाली. पंचवीस हंगाम तिने ऊस तोडला. उसाच्या पानाला बारीक कूस असते, पान नुसतं घासलं तरी कातडं चिरतं, म्हणून तोडीवरच्या बायका साडीवरून पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घालतात. वर्षातले सहा महिने धाकटीच्या अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट असायचा. चेहऱ्यावर मात्र काही नसायचं, आणि मनगटापुढचे हात तर उघडेच.

तिला लेकरू उशिरा झालं, एकच, मुलगी. ती पहिलीला गेली तेव्हा धाकटी तिला माझ्या घरी सोडून गेली, शाळा बुडू नये म्हणून. तेव्हापासून दरवर्षी सहा महिने पोरगी माझ्याकडे. वेण्या मी घातल्या, गोवर मी काढला, नर्सिंगचा फॉर्म मी भरला. ती मला मावशी म्हणते आणि तिच्या आईला आई म्हणते, त्यात कधी गल्लत झाली नाही. गल्लत दुसऱ्यांची झाली, आणि ती मी होऊ दिली.

तीन वर्षांपूर्वी कंबर गेली म्हणून धाकटीने ऊसतोड सोडली आणि ती बरीचशी माझ्याकडेच राहू लागली. तेव्हा पहिल्यांदा मी तिला हिवाळ्यात, सकाळच्या उजेडात, माझ्या ओट्यावर बसलेली नीट पाहिली. गालांवर काळे डाग, कपाळाला घड्या, मानेचं कातडं उभं-आडवं चिरल्यासारखं. हातांच्या पाठीवर कातडी इतकी पातळ की पातेल्याचा काठ लागला तरी निळा डाग पडायचा आणि पंधरा दिवस जायचा नाही. तळहात मात्र दगड. मी विचारलं, हे असं कधी झालं गं. तिने खांदे उडवले.

याचं कारण विचारायला जाल तर सगळ्यांकडे एकच उत्तर तयार. वय झालं. शेजारीण म्हणाली वय झालं, गावाकडचा गोळ्या देणारा डॉक्टर म्हणाला वय झालं, तिचा नवराही म्हणाला वय झालं. अरे, वय झालं तर माझं झालं पाहिजे. आठ वर्षं आधी आले मी. एकोणपन्नासाव्या वर्षी कसलं वय होतं? आणि तोच नवरा, तोही तिच्याइतकाच उन्हात, त्याचाही चेहरा तसाच भेगाळलेला, पण त्याला कुणी आजोबा म्हणत नाही. त्याला म्हणतात रापलेला गडी. वर कौतुकाने.

आता मूळ गोष्टीवर येते. कार्तिकात पोरीला बघायला पाहुणे आले, चकलांब्याचे. मुलगा बीडला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बघण्याचा कार्यक्रम माझ्या घरी ठेवला, कारण घर पक्कं आहे आणि पोरगी इथूनच ड्युटीला जाते. पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, त्यांच्यात पोरीचा बाप. बायका आतल्या खोलीत. मी इस्त्रीची साडी नेसून पुढे, धाकटी चहाचा ट्रे घेऊन मागे. पोरगी अजून तयारच होत होती. मुलाच्या आत्या पलंगावर ऐसपैस बसल्या. त्या घरात त्यांचाच शब्द चालतो हे पाच मिनिटांत कळलं, कारण मुलाची आई त्यांच्या तोंडाकडे बघून बिस्कीट उचलत होती. आत्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग धाकटीला.

"मुलीची आई तुमीच नव्हं?" त्या मला म्हणाल्या. "आन ह्या तुमच्या आई?"

मी तोंड उघडलं. पण त्यातून शब्द यायला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात धाकटी "हां, चहा घ्या" म्हणून मोकळी झाली.

त्या एका क्षणाबद्दल मी सहा महिने स्वतःला शिव्या दिल्या आहेत. मला धक्का बसला म्हणून मी गप्प राहिले असं मी नवऱ्याला सांगितलं. ते खोटं होतं. मला बरं वाटलं म्हणून मी गप्प राहिले. सत्तावन्नाव्या वर्षी तेवीस वर्षांच्या मुलीची आई म्हणून शोभतेय, एवढंच डोक्यात आलं. ज्या बहिणीला मी कडेवर घेतलं होतं तिला माझी आई केलं गेलं, आणि मला माझ्या साडीचं कौतुक.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात तिच्यावर तुटून पडले. स्वतःवर चिडता येत नाही म्हणून माणूस जवळच्यावर चिडतो, तसं. हां म्हणायची काय गरज होती, मी म्हटलं. जीभ झडली होती का सांगायला? ती कपबशा विसळत होती.

"कावून चिडतीस, आक्का?" ती म्हणाली. "पोरगी तुज्याच हाताखाली वाढली. त्यांनी काय चुकीचं इचारलं?"

मी म्हटलं, मी आत्ता फोन करून सांगते. तर तिने ओल्या हाताने माझं मनगट धरलं. तिचं म्हणणं असं की सोयरीक आत्यांनी आणलीय. त्यांना तोंडावर चूक दाखवली तर त्या चारचौघींत ओशाळतील, आणि ओशाळलेली बाई ते सुनेवर काढते. आधी जुळू दे, मग कळेल त्यांचं त्यांना. ती हे इतक्या शांतपणे बोलली की मला आणखी संताप आला. पण फोन मी केला नाही. तिचं ऐकलं असं मी म्हणत राहिले, आणि ते मला सोयीचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पुरुषांना माहीत होतं ना कोण कुणाची आई? होतं. पण आमच्याकडे बाहेरच्या खोलीतलं आतल्या खोलीत पोचत नाही. पुरुषांनी कुळी, गाव, मामाचं गाव सगळं विचारलं. बायकांपैकी कोण कोण आहे हे कुणी कुणाला सांगत बसत नाही. आणि मुलीच्या बापाने उन्हापावसाशिवाय दुसऱ्या विषयावर तोंड उघडलं तर शपथ.

माघात साखरपुडा झाला, तोही माझ्याच दारात मांडव घालून. मुलाकडच्यांनी मानाच्या साड्या आणल्या. आत्यांनी स्वतः बाजारात जाऊन निवडल्या होत्या, त्या तसं तीनदा म्हणाल्या. मला मोरपंखी, जरीच्या काठाची, अंगावर घेतली की खोली उजळेल अशी. मग त्यांनी दुसरी पिशवी उघडली आणि धाकटीच्या हातात ठेवलं एक नऊवारी लुगडं. फिकट राखी रंग, बोटभर काठ. आमच्याकडे सत्तरीच्या पुढच्या बायकांना असलं देतात, ज्यांना आता रंग नको म्हणतात. धाकटी जन्मात नऊवारी नेसलेली नाही. तोडीवर सहावारीवर शर्ट, घरी सहावारी. तिने ते लुगडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि वाकून आत्यांच्या पाया पडायला गेली. आत्यांनी तिला घाईघाईने उचललं. म्हाताऱ्या माणसाने आपल्या पाया पडू नये म्हणून.

मग माझी ओटी भरली. मुलीची आई म्हणून. खण, नारळ, गहू, सगळं माझ्या पदरात, आणि जिच्या पोटातून पोरगी आली ती मागे उभी राहून पानांची तबकं मोजत होती. मला त्या पदरासकट उठून जावंसं वाटलं. नाही गेले. पन्नास माणसं बसली होती, पोरगी समोर लाजून बसली होती, मावशीचीही ओटी भरतात असंच तिला वाटलं असणार.

संध्याकाळी पोरीने पिशव्या उघडल्या. हे लुगडं कुणाचं, तिने विचारलं. धाकटी म्हणाली, आजीसाठी देत्यात, त्यांच्यात रीत आसल. पोरीला एकही आजी उरलेली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भांडी आवरायला उठले.

त्यानंतर माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं, धाकटीला लग्नापर्यंत ठीकठाक करायची. मांडवात कुणी चुकणारच नाही इतकी. खरा उपाय होता एक फोन. पण तो सोडून मी सगळे केले. शाळेतल्या एका बाईंनी एका ट्यूबचं नाव सांगितलं, ती मी मेडिकलमधून आणली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ धाकटीच्या गालाला चोळली. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळला. मी फुशारले. तिसऱ्या आठवड्यात गाल लाल झाले, मग सालपटं निघायला लागली, ऊन लागलं की आग व्हायची.  धाकटी चुलीपुढून जरा लांब बसायला लागली, त्यावरून मला कळलं.

मग मी तिला बीडला कातडीच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. ती म्हणे कशाला, मरायच्या टायमाला तोंड उजळायचं काय. मी म्हटलं, मरायचा टाइम तुझा नाही, माझा आधी आहे, चल मुकाट्याने. बसमध्ये कंडक्टर आला. मी दोन बीड म्हटलं. त्याने धाकटीकडे बघून मोठ्या मायेने सांगितलं की आजींचं कार्ड दाखवा, पंच्याहत्तरच्या पुढे फुकट आहे. मी म्हटलं, ती एकोणपन्नासची आहे. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मी तिच्या पिशवीतून आधार कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं, आणि जन्मसाल वाचून तो बिचारा इतका वरमला की पुढच्या स्टॉपपर्यंत आमच्याकडे फिरकला नाही. धाकटी खिडकीतून बाहेर बघत हळूच म्हणाली, फुकट जाऊ देत व्हता की.

डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या हाताखालून गेलेल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची. आधी तिने गाल पाहिले आणि कुठलं मलम लावता विचारलं. मी ट्यूब दाखवली. तिने ती वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. हे कुणी दिलं, तिने विचारलं. मी म्हटलं, मेडिकलवाल्याने. धाकटीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरीण म्हणाली, अशा मलमाने चेहरा चार दिवस उजळतो आणि कातडी कायमची पातळ होते. आधीच पातळ आहे ती आणखी. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसले.

मग तिने धाकटीच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. ती उभीच राहिली, भिजवलेल्या कणकेवर बोटाने काढलेल्या रेघेसारखी, आणि हळूहळू बसली. डॉक्टरीण समजावून सांगायला लागली. मी शिक्षिका आहे, मला समजावून सांगणारं माणूस लगेच कळतं. ही चांगली सांगत होती. कातडीच्या आत धागे असतात, ताणलं की परत जागेवर आणणारे. वय वाढलं की ते सगळ्यांचेच सैल होतात, कातडी थोडी पातळ होते, कोरडी पडते, खालची चरबी कमी होते. पण ते हळू होतं आणि अंगभर सारखं होतं. जे भराभर होतं आणि फक्त तोंडावर, मानेवर, हातांवर होतं, ते वयाने नसतं. ते उन्हाने. ऊन ते धागे तोडतं आणि डाग पाडतं, वर्षानुवर्षं, रोज थोडं. मग तिने विचारलं मिशरी लावता का. धाकटीने मान खाली घातली. तंबाखूनेही कातडीला रक्त कमी मिळतं, बंद करा, डॉक्टरीण म्हणाली.

"पाळी कधी थांबली?" तिने पुढे विचारलं.

"पिशवी काढलीय," धाकटी म्हणाली.

"किती वर्षांच्या होतात?"

"तीसची आसन. तोडीला खाडा नको म्हून काढली. लई जनींनी काढली."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. पिशवीबरोबर अंडाशयही काढली का, काही कागद आहेत का, तिने विचारलं. कागद कुठले. कारखान्यावरच्या कोपीत, तोडकऱ्यांच्या झोपडीत, राहिले असतील, कोपी पाचटाची, पाचट दरवर्षी जळतं. ती काढली असतील, डॉक्टरीण म्हणाली, तर जे शरीर पन्नाशीनंतर हळूहळू सोडतं ते यांना तिशीत एकदम सोडावं लागलं. कातडी जाड आणि ओली ठेवणारा रस त्या वयातच आटला. हाडांचंही तपासून घ्या, कंबर उगाच गेली नसेल. तिने चिठ्ठीवर ते लिहिलं.

मला या ऑपरेशनचं माहीत होतं. पैसे पाठवले होते मी त्या वेळी. पण ते तिच्या चेहऱ्याशी जोडलेलं आहे हे मला एकोणीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी काय सांगत होते लोकांना? उन्हातान्हात राबली. तेही निम्मंच.

मग डॉक्टरीण म्हणाली, बाही वर घ्या. धाकटीने ब्लाऊजची बाही खांद्यापर्यंत सरकवली. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी बघून मी खुर्चीतच पुढे सरकले. गव्हाळ, घट्ट, एक डाग नाही. पंचवीस हंगाम त्या शर्टाखाली राहिलेला दंड. डॉक्टरणीने चिमटी घेतली, कातडी झटकन जागेवर. मग मलाही बाही वर घ्यायला सांगितली आणि दोघींचे दंड शेजारी धरले. माझा सैल होता, तिचा नव्हता.

"यांचं खरं वय हे आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि मॅडम, तुमच्या कातडीत विशेष काही नाही. तुम्हाला सावली मिळाली."

एवढं स्पष्ट मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. पस्तीस वर्षं मी वर्गात पंख्याखाली होते. शाळेला जाताना छत्री, येताना छत्री. ती छत्री कुणी दिली? ज्या वडिलांनी मला शाळेत घातलं त्यांनीच. मी तिच्यासारखी दिसत नाही यात माझं कर्तृत्व शून्य होतं आणि मी मात्र भाजीवालीकडून ताई म्हणवून घेत खूश होत होते.

औषध असं फारसं मिळालं नाही. गेलेलं परत येत नाही, डॉक्टरीण म्हणाली, राहिलेलं राखा. साधं मलम, उन्हात पदर पुढे, मिशरी बंद, हाडांची तपासणी. घरी आल्यावर धाकटी आतल्या खोलीतल्या आरशासमोर गेली. मी दारातून बघत होते. तिने बाही वर केली, दंड आरशाला लावल्यासारखा धरला, आणि स्वतःशीच हसत म्हणाली, ही बग, ही कुनाची हाय. मग बाही खाली घेऊन ती भाकरीला बसली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

मी परत फोनचं काढलं. आता तर सांगते, म्हटलं. ती म्हणाली, लग्न पंधरा दिवसांवर आलं, आता कशाला. आणि तिने पुढचं जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. कन्यादानाला तू आणि भाऊजी बसा, ती म्हणाली. मी बसणार नाही. व्हिडिओ काढतात, हात जवळून घेतात, पाणी सोडताना. पोरीला आयुष्यभर ते हात बघावे लागतील, तिच्या सासरचे टीव्हीला लावून बघतील. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. आठवडाभर ती रोज मला जेवायला वाढत होती.

वैशाखात लग्न. सकाळी नऊलाच मांडव तापला होता. मी मोरपंखी साडी नेसले, कारण मुलाकडच्यांनी दिलेली मानाची साडी लग्नात नेसली नाही तर त्याचा अर्थ काढतात. खोलीतून बाहेर आले तर धाकटी लुगडं नेसून उभी. भावकीतल्या एका म्हातारीकडून नेसवून घेतलं होतं. राखी लुगडं, हात झाकायला फुल बाह्यांचं ब्लाऊज शिवलेलं, डोक्यावर पदर. त्या कपड्यात ती खरोखर आजी दिसत होती. मी म्हटलं, हा काय अवतार? ती म्हणाली, आत्यांनी दिलंय, न्हाई नेसलं तर वाईट वाटंल. पोरीने दारातून आईला पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतलं काजळ उतरलं. तिला जागचं हलता येईना, तिच्याभोवती चौघीजणी मुंडावळ्या बांधत होत्या.

वाजंत्री दाराशी आली. नवरदेवाला मुलीच्या आईने ओवाळायचं असतं. मागून कुणीतरी ताट पुढे केलं, ते धाकटीच्या हातात आलं, आणि तिने ते सरळ माझ्या हातात दिलं. समोर नवरदेव, त्याच्या शेजारी आत्या, घामाने डबडबलेल्या, माझ्याकडे बघून हसत, मोरपंखी साडी खुलतेय म्हणत. मी निरांजनाकडे पाहिलं. वाऱ्याने विझेल म्हणून धाकटीने दोन्ही तळव्यांचा आडोसा त्याच्याभोवती धरला होता. ते हात. ती मागे व्हायच्या बेतात होती, फक्त ज्योत स्थिर होईपर्यंत थांबली होती.

मी ताट तिच्याकडे वळवलं. आत्यांना म्हटलं, ओवाळणार ही. मुलीची आई ही आहे.

आत्या हसत राहिल्या. त्यांना वाटलं मी मानाचं बोलतेय, आजीचा मान. म्हणून मला पुढचं बोलावं लागलं, वाजंत्रीवरून, मोठ्याने, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं.

"ही माझी आई नाही. धाकटी बहीण आहे. मी हिच्याहून आठ वर्षांनी मोठी आहे, सत्तावन्न पूर्ण झालीत मला."

वाजंत्रीवाले थांबले. माझ्या मागे कुणीतरी सत्तावन्न असा उच्चार केला, तो मला ऐकू आला. आत्यांनी धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या लुगड्याकडे, आणि लुगड्यावर त्यांची नजर अडकली. मला वाटलं आता ओशाळणार आणि काहीतरी टाकून बोलणार. धाकटीलाही तेच वाटलं असावं. तिने घाईने सांगितलं की लुगडं लई मऊ हाय, तिला आवडलंय. त्याने आत्या जास्तच कावल्या. त्या म्हणाल्या, आदी ओवाळा. धाकटीने ओवाळलं. मग आत्यांनी आम्हा दोघींना दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

आत त्यांनी मला झापलं. धाकटीला नाही, मला. सहा महिने तोंडात काय गूळ धरला व्हता का, त्या म्हणाल्या. बरोबर होतं, मी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, सोडा ती साडी. मोरपंखी माझ्या अंगावरून उतरली आणि धाकटीला नेसवली गेली. निऱ्या मी केल्या, खाली बसून, कारण तिला फार वेळ वाकवत नाही. बाह्या तिने कोपरापर्यंत दुमडून घेतल्या, उकाडाच तेवढा होता. ब्लाऊज वेगळ्या रंगाचं राहिलं, त्याला इलाज नव्हता. आणि मांडवात परकरावर जाता येत नाही, म्हणून लुगडं मला. मला नेसता येत नाही. आत्यांनी नेसवलं, कासोटा खोचताना जरा गरजेपेक्षा जोरात ओढला.

कन्यादानाला धाकटी आणि तिचा नवरा पाटावर बसले. तिने पोरीच्या हाताखाली आपला हात धरला आणि वरून पाणी सोडलं. व्हिडिओवाला खाली वाकून अगदी जवळून घेत होता. पोरीने आईचं बोट सोडलंच नाही, भटजींनी दोनदा सांगितलं तरी. मी नीट बघता यावं म्हणून पाटाच्या अगदी कडेला जाऊन उभी होते, घामाने पावडर ओघळलेली, राखी पदर डोक्यावर.

"आजी, जरा बाजूला सरका," फोटोवाला म्हणाला. "आईला येऊ द्या फोटोत."

माझं डोकं सणकलं. इतकं सगळं होऊन पुन्हा तेच. मी त्याला सांगायला तोंड उघडलं की मूर्खा, आई हीच आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो माझ्याकडे बघून बोलत होता.

मी सरकले.